तिच्या हाताला पेलेल असं

दोन वर्षांपूर्वी मला फिट आली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. तेव्हापासून आमची जीप बायको एकटीच चालवते. ती जनावरांची डॉक्टर आहे. पेठच्या बाजूच्या पाड्यांवरून तिला फोन येतात, आणि त्या भागात डांबर संपलं की पावसाळ्यात पुढे नुसता लाल चिखल असतो. पूर्वी सुट्टीच्या दिवशी मीच तिला घेऊन जायचो. ती गोठ्यात शिरली की मी बाहेर बोनेटला टेकून उभा राहायचो. आता मी कंपनीच्या बसने सिन्नरला कामाला जातो आणि ती या क्षणी कुठे असेल याचा विचार करत बसतो.

मागच्या श्रावणात तिची गाडी भाताच्या खाचराशेजारी रुतली. लोकांनी ट्रॅक्टर आणला, साखळी पुढच्या बंपरला गुंडाळली आणि झटका दिला. गाडी हलली नाही. बंपर मात्र उखडला आणि साखळीसकट एका माणसाच्या पायाजवळून सणसणत गेला. कुणाला लागलं नाही. ती घरी आली तेव्हा तो वाकडा बंपर मागच्या सीटवर आडवा टाकलेला होता.

"तो माणूस हसत होता," ती म्हणाली. "मीच त्याचा पाय दोनदा बघितला, लागलं नाही ना म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून मी रुतलेली गाडी काढायचं सामान शोधायला लागलो. कारखान्यात माझं काम तपासणीचं. कुठला बोल्ट किती ताण सोसतो हे बघण्यात माझं आयुष्य गेलंय, त्यामुळे या शोधात मला आनंदच होत होता. रोज जेवणानंतर मोबाईलवर व्हिडिओ लावायचो. माझा जीव विंचवर जडला होता. गाडीच्या तोंडाशी बसवलेली मोटर, तिच्यावर गुंडाळलेला दोर; दोर झाडाला अडकवायचा, बटण दाबायचं, आणि गाडी स्वतःच स्वतःला ओढून बाहेर येते.

रविवारी आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानदाराने विंच दाखवलं आणि म्हणाला, "साहेब, हे असलं की कुणाच्या तोंडाकडे बघायला नको."

"आणि झाड नसेल तर?" बायकोने विचारलं.

"मग दुसरी गाडी लागेल, मॅडम."

"भाताच्या शेतात मला झाडही मिळत नाही आणि गाडीही मिळत नाही," ती म्हणाली आणि पुढे सरकली. कोपऱ्यात रुतलेली गाडी उचलायचा उंच जॅक उभा होता. मी तो बघ म्हणालो. तिने तो दोन्ही हातांनी उचलला, जरा तोलून पाहिला आणि परत ठेवला.

"सवय झाली की जमेल," मी म्हणालो.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही हे सगळं स्वतः वापरणार असल्यासारखं निवडताय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. आणि खरं होतं ते. डोळ्यांसमोर चिखलात उभा असलेला माणूस प्रत्येक वेळी मीच होतो.

मग तिने निवडायला सुरुवात केली आणि मी फक्त पिशवी धरली. लहान दांड्याचं फावडं. चाकाखाली सारायच्या दोन खडबडीत पट्ट्या. टायरमधली हवा कमी केली की चाक पसरतं आणि चिखलात कमी रुततं, म्हणून नंतर हवा भरायला छोटा पंप. तिच्या मापाचे हातमोजे. दुसरी गाडी भेटलीच तर ओढायला ताणला जाणारा जाड दोर, आणि तो अडकवायला लोखंडी कडीऐवजी दोराचीच कडी. निसटली तरी गोळीसारखी येणार नाही. मी एकाच गोष्टीवर अडून बसलो. गाडीला पुढेमागे हुक हवेत, आणि ते थेट चासीला बोल्टने बसवलेले.

"ते तुम्ही बघा," ती म्हणाली.

भाद्रपदात एका रविवारी सकाळी फोन आला. म्हैस अडली होती, रेडकू बाहेर येत नव्हतं. मीही सोबत निघालो. पाड्याच्या अलीकडे ओढ्याची चढण होती. तिथे मागची चाकं गेली ती गेलीच. मी खाली उतरलो आणि फावडं हातात घेतलं.

"द्या ते इकडे," ती म्हणाली. "तुम्ही बाजूला थांबा. पुढच्या वेळी मी एकटीच असणार आहे."

मी बांधावर जाऊन उभा राहिलो. तिने चारही टायरची हवा सोडली. चाकांपुढचा चिखल उपसला, पट्ट्या सारल्या, आत बसली. पहिल्या वेळी पाय जोरात पडला. चाकं गरगरली आणि एक पट्टी मागे उडून चिखलात पडली. माझ्या ओठांवर शब्द आले होते. पण मी बांधावरून हललो नाही.

तेवढ्यात वरून एक म्हातारी घाईने उतरत आली. म्हैस तिचीच होती.

"बाई, माणसं बोलावू का? लय येळ झालाय."

"नको मावशी. तुम्ही म्हशीपाशी थांबा. मी आलेच."

तिने पट्टी शोधली, पुन्हा खणलं, आधीपेक्षा खोल. या वेळी ॲक्सिलरेटरवर पाय अगदी हलका होता. गाडी कण्हल्यासारखी पुढे सरकली, पट्टीवर चढली आणि चढण संपेपर्यंत थांबली नाही. ती थांबली ती थेट गोठ्याशी. मी मागून पट्ट्या काखेत घेऊन चालत वर पोचलो तेव्हा ती कोपरापर्यंत हात धुऊन कामाला लागलेली होती.

रेडकू जिवंत निघालं. म्हातारीने चहा केला. मी ओढ्यावर जाऊन पट्ट्यांच्या खाचांमधला चिखल काडीने काढत बसलो. वाईट वाटत होतं का? थोडं वाटत होतं. त्या बांधावरच्या अर्ध्या तासात मी नुसता बघणारा माणूस होतो, आणि हे आता असंच राहणार होतं. पण बऱ्याच दिवसांनी छातीवरचं काहीतरी हलकंही झालं होतं.

पुढच्या आठवड्यात ती एकटी गेली. दुपारच्या सुट्टीत तिचा फोन आला. गाय उठून उभी राहिली म्हणाली, चारा खातेय म्हणाली. मी रस्त्याचं विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही. संध्याकाळी घरी आलो तर पट्ट्या धुऊन अंगणात भिंतीला उभ्या केलेल्या होत्या आणि त्यांच्याखाली लाल पाण्याचं डबकं साचलं होतं. ती आत कुकर लावत होती.