साडभाऊंचा सूर्य आणि माझे शेड

अर्जदार : मी, कचेरीच्या आवारातील ज्येष्ठ अर्जनवीस. गैरअर्जदार : माझे साडभाऊ, निवृत्त बिनतारी यंत्रचालक. साक्षीदार : चहावाली शांताबाई. घटनेचा दिनांक : सूर्य उगवला तो प्रत्येक.

उपरोक्त साडभाऊंइतकी सूर्याची चौकशी सबंध गडचिरोली जिल्ह्यात कोणी केलेली नाही, आणि सूर्याने अद्याप हरकत घेतलेली नाही. रोज दहा वाजता ते माझ्या टेबलाशेजारी स्टूल मांडतात, त्यावर जुनी दुर्बीण बांधतात, खाली वहीच्या पांढऱ्या कागदावर सूर्य उतरवतात आणि त्यावरील डाग पेन्सिलीने गिरवतात. माझे पक्षकार आपली कैफियत सोडून तो कागद पाहत बसतात. डाग दोन ठिपक्यांनी जन्मतो, आतून चुंबकी रेषा वर येतात, डागांचा जमाव वाढतो, रेषांना पीळ बसतो, हे सर्व त्यांना साडभाऊ फुकट सांगतात. "खाटीच्या सुतळीले लय पीळ देल्ला का कशी तडकते? तसंच होते. मंग तापल्या वायूचा ढग सुटते. आपल्याकडं तोंड असंन तं दोन-तीन दिवसांत येते, अन् बिनतारीचे संदेश बिघडवते."

शांताबाईंनी एकदा विचारले, "भाऊ, मोबाइल काऊन लागून नाई राह्यला? तुमचा ढग आला का?"

"सूर्याले काऊन बदनाम करता, बाई? टॉवरचं डिझेल संपलं असंन."

आता मूळ मुद्दा. अर्जनविसांना उन्हापासून संरक्षण मिळावे, हा अर्ज मीच लिहिला. भाषेच्या भरात 'संपूर्ण आवार आच्छादित व्हावे' असे लिहून गेलो. माझ्या कारकिर्दीत शब्दशः मंजूर झालेला हा एकमेव अर्ज. सोमवारी शेडचे पत्रे चढणार. आणि नेमका डागांचा भलामोठा जमाव सूर्याच्या कडेआड गेला आहे. सुमारे दोन आठवड्यांनी तो वळून येईल, तेव्हा शाबूत असेल की विरलेला, हे पाहण्यास साडभाऊंना दुसरे उघडे आकाश नाही. घरावर मोहाची झाडे, पलीकडे जंगल, आणि गुडघे थकलेले.

ते भांडले असते, तर मी सविस्तर उत्तर दिले असते. त्यांनी वहीच्या पुढच्या पानावर सूर्याचे रिकामे वर्तुळ तेवढे काढून ठेवले. मला ते थट्टेने वकील म्हणतात. म्हणाले, "वकीलसाहेब, अर्ज लय चांगला लिवला बरं तुमी." इतक्या वर्षांतली त्यांची ही पहिली स्तुती. त्या दिवशी माझ्याने एकही मसुदा धड झाला नाही.

सबब नम्र विनंती की, माझ्या टेबलावरील पत्रा चढवू नये. तेवढ्या उन्हात बसण्यास अर्जदार राजी आहे. लेखी उत्तर सोमवारपूर्वी मिळावे. डाग परत यायला निघालेले आहेत.