खांड पडली की

जागृती घरतने पडद्यावरच्या गावात माणसं भरली आणि तिथूनच सगळं बिनसलं.

नकाशा उरणकडच्या एका खाडीचा होता. समुद्रातून शत्रू उतरला तर त्याला कुठे अडवायचं, हे लष्करी अधिकाऱ्यांना आधी संगणकावर लढून बघायचं होतं. ते सिम्युलेशन जागृतीची कंपनी बनवत होती. चौथा पर्याय सगळ्यांत सरस ठरला होता: खाडीचा बांध फोडायचा, खारं पाणी शेतांत घ्यायचं, शत्रू चिखलात रुततो. शेतांमागे घरं होती. त्यांच्यावर शिक्का होता, 'रिकामी केलेली'.

त्यातलं एक घर जागृतीचं.

तिने शिक्का काढला. घराघरांत ठिपके ठेवले आणि त्यांना गावाची एकच रीत शिकवली. बांधाला खांड पडून पाणी आत घुसलं, की बघणाऱ्याने हाळी द्यायची आणि घरटी एकाने तरी चिखलाची पाटी घेऊन बांधावर धावायचं. मग लढाई चालवली. बांध फुटला, गाव सोडायचा हुकूम सुटला आणि ठिपके पाण्याच्याच दिशेने निघाले. पुन्हा चालवली. पुन्हा तेच.

प्रकल्पप्रमुख प्रणय वैतागला. "हुकूम मिळाला की लोक निघून जातात, असं धर ना बाई! उद्या कमांडर येतायत."

"नाही धरणार."

"नोकरी टिकवायचीय ना?"

"टिकवायचीय. खोटं गाव बनवून नाही."

मागच्या उधाणात ती ऑफिसातून थेट बांधावर पोचली होती. ट्रेलर चालवणारे तिचे वडील दिनानाथ गाडी रस्त्यातच सोडून आले होते, कमरेएवढ्या पाण्यात उभे. "बाय, बघतेस काय? पाटी उचल!" चिखल टाकताना तिच्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र तुटून खांडीत गेलं. ती हळहळली, तर दिनानाथ हसले. "ऱ्हाऊ दे गो. बांदाला पन वलख लागते."

दुसऱ्या दिवशी कमांडरांनी ते ठिपके पाहिले. "ही माणसं वेडी आहेत का?"

"नाही सर, आगरी आहेत."

प्रणयने कपाळावर हात मारला. कमांडर हसले नाहीत. "समोर शत्रू असतानाही बांधावर जातील?"

"शत्रूचं नंतर बघतील. आधी खांड."

"ही तुमची समजूत झाली."

"माझं जुनं ओळखपत्र त्या बांधात आहे, सर."

ते पडद्याकडे बघत राहिले. पाणी चढत होतं, ठिपके एकेक करून विझत होते. "म्हणजे चौथ्या पर्यायात हे सगळे बुडतात."

"बुडतात. शत्रू अडतो, हेही खरं. निर्णय तुमचा आहे. पण बुडणारे दिसतील, मी ते झाकणार नाही."

प्रणय घाईने म्हणाला, "सर, जुनी आवृत्ती तयार आहे."

"ती नको." कमांडरांनी खुर्ची जवळ ओढली. "मॅडम, बांध न फोडता अडवून दाखवा."

"बघते," जागृती म्हणाली. "पण माणसं ठेवून."

आणि तिने विझलेले ठिपके पुन्हा घराघरांत नेऊन ठेवले.