दारातली प्रार्थना

सोलापूर सोडलं त्या संध्याकाळी रिक्षा दारात उभी होती, बॅगा ठेवून झाल्या होत्या, आणि पप्पांची प्रार्थना काही संपत नव्हती. आमच्या घरातून प्रार्थना केल्याशिवाय कुणी प्रवासाला निघत नाही, हे तुम्हा शेजाऱ्यांना माहीतच आहे. पप्पा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेले आणि रविवारी चर्चमध्ये उपदेश करणारे. त्यामुळं त्यांच्या प्रार्थनेत देवाला रेल्वेची सगळी माहिती पुरवलेली असायची. इंजिनाचा ब्रेक, रुळांचे सांधे, सिग्नलवाल्याचे डोळे, सगळ्यांवर हे परमदयाळू पित्या तुझा हात असू दे. रिक्षावाला दोनदा खाकरला. शेवटी म्हणाला, "साहेब, गाडी जाईल की ओ!" पप्पांनी डोळे न उघडता त्याच्या रिक्षाचेही ब्रेक प्रार्थनेत घेतले. मी फलाटावर पळत पोचले तेव्हा गाडी हलायच्या बेतात होती.

बेंगळुरूला आले, नोकरी लागली, पंधराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. इथली मराठी ख्रिस्ती मंडळी रविवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमतात. मी सोलापूरची, त्यात उपदेशकाची मुलगी, हे कळल्यावर सगळ्यांना केवढा आनंद! सभा चालवणारे काका पहिल्याच दिवशी म्हणाले, "आता समारोपाची प्रार्थना ताई करतील."

इथंच माझं दुखणं आहे. मला मोठ्यानं प्रार्थना करता येत नाही. ऑफिसात मी शंभर माणसांपुढं प्रेझेंटेशन देते, क्लायंटशी भांडते. पण चारचौघांत "हे प्रभू" म्हटलं की पुढं घसा कोरडा पडतो आणि डोकं रिकामं होतं. लहानपणापासून असंच आहे. घरी ते खपून गेलं, कारण पप्पा असताना दुसऱ्या कुणाला बोलायची पाळीच येत नसे. त्या दिवशी मी "गॅसवर चहा ठेवलाय" म्हणून स्वयंपाकघरात पळाले. पुढं दर रविवारी पळत राहिले. "ताईंना सेवेची किती हौस" म्हणून माझं कौतुक व्हायला लागलं, तेव्हा तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एका रविवारी चहा आधीच झालेला होता. काकांनी नाव घेतलं, सगळ्यांचे डोळे मिटले, आणि मी म्हणाले, "हे प्रभू..." पुढं काहीच नाही. कुणाचं तरी मूल हसलं. शेवटी काकांनीच सगळ्यांना पाठ असलेली प्रभूची प्रार्थना सुरू करून मला सोडवलं. त्यानंतर कितीतरी रविवार मी गेलेच नाही. फोनवर पप्पा विचारायचे, "सभेला जातेस ना?" मी "हो" म्हणायचे.

मग एक दिवस सुनंदावहिनी दारात उभ्या. सभेत मागं बसायच्या, कधी तोंड उघडायच्या नाहीत. आमच्याच जिल्ह्यातल्या करकंब गावच्या. लग्नानंतर नवऱ्याबरोबर इथं आलेल्या. खुर्चीच्या कडेला बसून म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. पर त्या दिवशी तुमची परार्थना अडली आन् मला लई बरं वाटलं."

मला राग आलाच.

"तुमी सगळे ते परमदयाळू, सर्वसमर्थ म्हंता की. मला वाटायचं देवाला तसलंच कळतंय. आपलं करकंबचं बोलणं त्येला कुटलं कळतंय? म्हनून गप बसायची. तुमी येवढ्या शिकलेल्या, उपदेशकाची लेक, तरी तुमाला जमलं न्हाय. म्हटलं, मग आपलंबी ऐकत असंल की."

आणि त्या पदर डोक्यावर घेऊन तिथंच बोलायला लागल्या. नवऱ्याची नोकरी, सासूचे गुडघे, माझं रविवारचं न येणं, सगळं देवाला सांगितलं. शेजारणीशी बोलावं तसं. पप्पा म्हणायचे, माणूस जिथं कमी पडतो तिथंच देवाला शिरायला जागा मिळते. ऐकायला छान आहे. पण कमी पडणाऱ्याचे कान किती गरम होतात ते मला विचारा. आशीर्वाद आला होता खरा, पण माझ्या फजितीच्या वाटेनं आला होता.

यंदा पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. मी सोलापूरला धावले. जीव वाचला, वाचा मात्र गेली. निघायच्या दिवशी रिक्षा आली, बॅगा ठेवल्या, आणि सवयीनं आई आणि मी पप्पांच्या खुर्चीभोवती उभ्या राहिलो. आईनं सवयीनंच त्यांच्याकडं पाहिलं. पप्पांनी डोळे मिटले, तोंड उघडलं. नुसती घरघर आली. त्यांनी डाव्या हातानं खांद्यावरचा नॅपकिन ओढून तोंड झाकलं. ही लाज मी ओळखत होते. ती माझ्या ओळखीची होती, त्यांच्या नाही. त्यांना ती पेलत नव्हती.

मग त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं.

मी त्यांचा हात धरला. शेवटी तोंडून निघालं ते असं: "देवा, पप्पांना बोलता येत न्हाय. मलाबी येत न्हाय. तू बघ की."

एवढंच. आई रडायला लागली. पप्पांनी नॅपकिन खाली घेतला, आणि माझा हात असा दाबला की बोटं दुखली.

त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी सोलापूर स्टेशनवर गाडीच्या खूप आधी पोचले. बाकावर बसून राहिले. तुम्ही मागं राहिलेले आणि आम्ही बाहेर पडलेले, आपण सगळे घराच्या गोष्टी करतो. माझं घर म्हणजे ज्याच्यापायी दर वेळी गाडी चुकायची वेळ यायची, ते. आता ते प्रार्थनेसाठी माझ्याकडं बघतं, आणि मला अजूनही येत नाही. गाडी यायला बराच अवकाश होता. मी रुळांच्या सांध्यांकडं बघत रडत बसले.