वाटीतला मोबाइल

कोपरी भागात आमच्या शेजारचे काका मोबाइल स्टीलच्या वाटीत उभा ठेवतात, म्हणजे ईमेल आला की घंटी घरभर घुमते. आम्ही दोघंही घरून एकाच वेबसाइटवरची भाषांतराची फ्रीलान्स कामं करतो. "जो आधी उत्तर देईल त्याचं काम रे," म्हणत ते चहा अर्धा टाकून उठतात. जेवताना वाजली तर डाव्या हाताने टाइप करतात, भात तसाच.

नवीन कामाचा ईमेल मला लगेच यावा म्हणून सेटिंग त्यांनीच करून दिली. "झालं बघ. आता निवांत बस." मी बसलो. पण ईमेल यायचे संध्याकाळी, सगळे एकदम, आणि तोवर कामं गेलेली असायची. काल सेटिंग उघडून पाहिली. 'लगेच'ऐवजी 'दिवसातून एकदा' निवडलेलं होतं. मी ते 'लगेच' केलं.

आज दुपारी ते आमच्याकडे चहाला आलेले, वाटीसकट. दोन्ही मोबाइल एकदमच वाजले. काकांनी वाटीकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मग कप उचलला आणि पहिल्यांदाच चहा पूर्ण संपवला.