आमच्याकडं राहायला आलेले वार्ताहर

शहरातल्या एका छोट्या दैनिकात मी उपसंपादक आहे. गावोगावच्या वार्ताहरांच्या बातम्या नीट करून पानावर लावायच्या, हे माझं काम. चितेगावकडचे आमचे वार्ताहर पन्नाशीचे. बंद पडलेल्या हातपंपाची बातमीसुद्धा ते हातपंपाच्या उद्घाटनापासून सुरू करायचे. त्यामुळं माझी कात्री सगळ्यात जास्त त्यांच्यावरच चालायची.

गेल्या वर्षी त्यांनी पहिल्यांदाच आठ ओळींची बातमी पाठवली. पहाटे एक टँकर येतो, कारखान्याचं घाण पाणी नाल्यात सोडतो, आसपासच्या विहिरी पिवळ्या पडल्यात. सोबत टँकरचा नंबर दिसणारा फोटो. मी एक शब्दही न कापता त्यांच्या नावानिशी छापली.

दोन दिवसांनी ते बाहेर असताना मोटारसायकलवर दोघं घरी आले. त्यांच्या बायकोकडं पाणी मागून प्यायले आणि जाताना म्हणाले, "साहेबांना सांगा, पैठण रोडला गाड्या लई जोरात चालतात. सांभाळून ऱ्हावं."

संध्याकाळी हे ऐकून आमचे वार्ताहर म्हणाले, "खरंच हाय की. मागंच मी स्पीडब्रेकरची बातमी दिली व्हती."

त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, मला फोन लावला. "ताई, ह्यांना धमकी आलीय, अन् ह्यांना ती कळंना."

दुसऱ्या दिवशी वहिनी पिशोरला माहेरी गेल्या आणि ते आमच्याकडं आले. एक पिशवी कपड्यांची, दोन जुन्या वर्तमानपत्रांच्या.

ते अकरा दिवस राहिले. टँकरवाल्यांना न घाबरणारे हे गृहस्थ आमच्या लिफ्टला मात्र बिचकायचे आणि चार मजले जिन्यानं चढायचे. रोज सकाळी लाल पेन घेऊन आमचाच पेपर तपासायला बसायचे. "ताई, आयुक्तांना तुम्ही 'अयुक्त' केलंय. मुद्दाम का?" माझे यजमान चहाच्या कपाआड हसायचे. इतक्या वर्षांत माझ्या चुका काढणारं कुणी घरात नव्हतं, त्यांना पाहुणा भलताच आवडला.

तक्रार द्यायला मी त्यांच्यासोबत ठाण्यात गेले. "यात धमकी कुठंय? त्यांनी तर काळजी दाखवली," असं म्हणून तिथल्या हवालदारांनी आम्हाला उद्या यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशीही उद्याच.

मग मी इतर पेपरांच्या बातमीदारांना फोन केले. ही मंडळी एरवी एकमेकांना पत्रकार परिषदेची वेळसुद्धा खरी सांगत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बारा-तेरा जण ठाण्याच्या दारात उभे होते. आत खुर्च्या पुरेनात. तासाभरात तक्रार लिहून झाली. त्यातला अर्धा तास आमच्या वार्ताहरांनी पैठण रोड कधी झाला ते सांगण्यात घालवला.

बाहेर चहाच्या टपरीवर ठरलं की नाल्याची बातमी सगळ्यांनी एकाच दिवशी छापायची. एकाला गप्प करून भागणार नाही, हे समोरच्यांना कळायला हवं होतं. मथळ्यावरून बराच वाद झाला, पण बातमी सगळीकडं आली. एकानं मात्र सवयीनं वर 'फक्त आमच्याकडे' असं छापलं.

त्याच संध्याकाळी आमचे वार्ताहर गॅलरीत बसले होते. म्हणाले, "ताई, ते आले तवा ही घरात एकटी व्हती. काय झालं असतं तर?"

मी म्हटलं, "तुमचं नाव छापायच्या आधी मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"इचारलं असतं तरी मी व्हयच म्हनलो असतो," ते म्हणाले. "पर हिला नाय इचारलं मी."

टँकर यायचा बंद झाला. आता दुसरीकडं कुठं जातो का, माहीत नाही. ते दोघं सापडले नाहीत. पोलिसांची गाडी काही दिवस वार्ताहरांच्या गल्लीतून फिरून गेली. बाराव्या दिवशी आमचे वार्ताहर बसनं परत गेले. आम्ही अजून थांबा म्हटलं, तर "शहरात बातमी मिळत नाय" म्हणाले.

पिशोरहून परतताना वहिनींनी अट घातली होती, फोटो काढायला एकटं जायचं नाही. सोबत यायला दुसरं कुणी तयार होईना, म्हणून आता वहिनी स्वतःच त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसतात. परवा दोघं कुलूप लागलेलं एक आरोग्य केंद्र बघून आले. प्रश्न वहिनींनी विचारले, त्यांनी नुसतं लिहून घेतलं. बातमी सहा ओळींची निघाली.