लेंपीच्या खिडकीतला लाल दिवा

थंडी पडली की अमेरिकेच्या उत्तरेकडच्या आमच्या या गावातली निम्मी माणसं घरांना कुलपं लावून ॲरिझोनाला ऊन खायला जातात आणि किल्ल्या लेंपी हार्जूच्या गळ्यात पडतात. अगदी खरोखरच. जाड दोरीत ओवलेला तो जुडगा गळ्यात घालून ऐंशीकडे झुकलेली ही बाई एक पाय घसरगाडीवर ठेवते, दुसऱ्याने बर्फ रेटते आणि खुळखुळत गावभर फिरते. घराघरात शिरून घर तापवणारी भट्टी चालू आहे ना ते बघायचं, पाणी गोठून पाइप फुटू नयेत, त्यांना ऊब लागावी म्हणून सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी टाकायची, नळ सुतासारखा बारीक सोडायचा, हा तिचा रोजचा उद्योग. निघताना ती पाइपांना दमही भरते. "फुटलास तर बघ," असं तिला कुणाच्या तरी बाथरूममध्ये बोलताना मी स्वतः ऐकलंय.

एवढ्यावर भागत नाही, म्हणून प्रत्येक घराच्या रस्त्याकडच्या खिडकीत एक लाल दिवा असतो. घर गारठलं की तो आपोआप लागतो आणि ज्याला दिसेल त्याने हातातलं काम टाकून धावायचं असतं. लेंपी कधीच कुठे जात नाही, तरी तिच्याही खिडकीत तो आहे. का म्हणून विचारलं तर म्हणते, "घरात माणूस आहे का, हे विचारून पाइप गोठतात होय?"

मागच्या जानेवारीत तिचा मुलगा डेल आला, तो तिला कायमची मिनियापोलिसला न्यायलाच. नवव्या मजल्यावरचा फ्लॅट, पाइपांची कटकट नाही. सामान भरायला खोकीसुद्धा घेऊन आला होता. पोरगा वाईट नाही, पण समजावायला लागला की थांबत नाही. मला त्याचा रागच आला. लेंपी गेली तर गावाच्या किल्ल्या कोणाच्या गळ्यात पडणार?

शनिवारी सकाळी मायलेकांची जुंपली.

"आई, हट्ट सोड. एकटी राहतेस इथे. काही झालं तर कळणार कोणाला?"

"कळेल."

"अगं पण कोणाला? एक नाव सांग."

या वादात ओव्हनमधल्या पन्नुकाक्कूचा, म्हणजे नाश्त्याच्या अंड्या-दुधातल्या जाड धिरड्याचा, कोळसा झाला. घरभर धूर. लेंपीने पुढचं दार, मागचं दार सताड उघडलं. बाहेर हाडं फोडणारी थंडी, आणि खिडकीतला दिवा दाराला अगदी लागून. तो लगेच लागला. आत भांडणाऱ्या दोघांना पत्ताच नाही.

मी समोरच माझ्या घरात भांडी घासत होते. दिवा पाहिला, गोठलेला पाइप शेकायला हेअर ड्रायर उचलला आणि घरातल्या चपलांवर तशीच पळाले. तिच्या शेजारचा वाइनो माझ्याआधी हीटर घेऊन पोहोचला होता. कोणाला काही न विचारता तो सिंकखाली आडवा झाला, डोकं कपाटात. मागून पलीकडच्या घरातली कॅरल रजया घेऊन आली. टपालवाला तर थैली रस्त्यातच टाकून आला.

"पाइप चांगला गरम आहे," वाइनो कपाटातूनच म्हणाला. "लेंपी, भट्टी कधी विझली?"

"विझली नाही रे. नाश्ता जळला."

"मग तसं सांगायचं ना, बाई. मी अर्धी दाढी टाकून आलोय."

तो बाहेर आला तेव्हा खरंच एका गालावर फेस होता, गोठून कडक झालेला. आधी कॅरल हसली, मग लेंपी, मग सगळेच. मी तर हसता हसता रडायलाच लागले.

डेल हातात रिकामं खोकं धरून उभा होता. "असला दिवा मिळतो कुठे?" त्याने हळूच विचारलं.

"दुकानात मिळेल की," वाइनो म्हणाला. "पण तुझ्या नवव्या मजल्यावर त्याच्याकडे बघणार कोण?"

लेंपीने पुन्हा पीठ कालवलं. दुसरा पन्नुकाक्कू सगळ्यांनी मिळून फस्त केला, आणि डेलच्या खोक्यांत कॅरलने आपल्या रजया भरून नेल्या.

संध्याकाळी डेल एकटाच निघाला. गाडी सुरू करून तो परत खाली उतरला आणि रस्त्यावरून आईच्या खिडकीकडे बघत उभा राहिला. दिवा विझलेलाच होता. मग वळून त्याने माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी तिथेच होते. त्याने मला हात केला आणि तो गेला.