खाजकुयलीची वाट

मी आयुष्यात एकदाच सूड उगवला. पण उगवला तो रीतसर, खात्याच्या कागदावर, खाली सही आणि शिक्का मारून. घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "तुला लाज नाही वाटत?" खरं सांगते, तेव्हा अजिबात वाटत नव्हती. उलट त्या दिवसांत मला जेवण गोड लागायचं.

मी डोंबिवलीला राहते आणि ठाण्यात डोंगराच्या अंगाला एक निसर्ग उद्यान आहे, तिथे नोकरी करते. खाडीवरचा नवा पूल झाल्यापासून स्कूटरने माणकोलीवरून येते, माजिवड्याच्या सिग्नलला धूळ खाते आणि आठच्या आत गेटवर असते. उद्यानातल्या पायवाटा नीट ठेवणं आणि येणाऱ्या लोकांच्या तक्रारी निस्तरणं, ही माझी दोन कामं. पायवाटांचं काम सोपं. पावसाचं पाणी वाटेवरून धावू नये म्हणून आडवे दगड लावायचे, पडलेलं झाड बाजूला करायचं, गवत कापून घ्यायचं. वाट उलट बोलत नाही. लोकांचं तसं नाही. माकडं अंगावर येतात म्हणून एक जण तक्रार वहीत लिहितो, आणि त्याच पानावर खाली दुसरा लिहितो की दोन तास फिरलो, एक माकड दिसलं नाही. एका बाईंनी लिहिलं होतं, "जंगलात फार पाला पडलेला आहे." त्यांना उत्तर पाठवताना झाडांना समज देण्यात येईल असं लिहायची फार इच्छा झाली होती.

सगळ्यात वरची वाट एका मोठ्या कातळावर संपते. तिथून खाडी दिसते, बाळकुमचे टॉवर दिसतात, आणि हवा चांगली असेल तर पार कल्याणच्या बाजूचे डोंगरही. कातळाच्या अलीकडे झाडाखाली मावशी बसायची. उद्यानाच्या हद्दीतच एक पाडा आहे, तिथली ती. टोपलीत करवंदं, काकड्या, आवळे, बोरं, ज्या दिवसांत जे असेल ते, आणि शेजारी पाण्याचा माठ. चढून आलेल्या माणसाला ती आधी पाणी द्यायची, मग टोपलीवरचं फडकं काढायची. मी नोकरीला लागले त्या पहिल्या आठवड्यात वरच्या बाजूला वाट चुकले होते आणि रडकुंडीला येऊन एका दगडावर बसले होते. तिने मला हाताला धरून खाली आणलं आणि ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर मी वर गेले की तिच्याजवळ बसल्याशिवाय खाली आले नाही.

आता अध्यक्ष. बाळकुमच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्समधला वीस-बावीस जणांचा मॉर्निंग वॉक ग्रुप आमच्याकडे यायचा. सगळ्यांचे एकाच रंगाचे टी-शर्ट. हे गृहस्थ कुठल्याशा मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, ग्रुपमध्ये त्यांना सगळे अध्यक्ष म्हणायचे आणि ते ती हाक कानात अत्तराच्या फायासारखी ठेवायचे. वरच्या वाटेला ते "आपला ट्रेल" म्हणत. ग्रुपमध्ये कुणाचाही वाढदिवस असला की कातळावर केक, पोहे, ढोकळा, थर्मासातला चहा. आम्ही 'कचरा टाकू नका' असे बोर्ड लावले होते. बोर्डाला टेकून ते चहा प्यायचे.

एप्रिलमधल्या एका रविवारी त्यांचा स्वतःचा वाढदिवस होता. खाऊन झाल्यावर त्यांनी कागदी प्लेट खाली दरीत भिरकावली. मावशी जागेवरूनच म्हणाली, "ए बाबा, प्लेट उचल तुझी. रानडुक्कर येतं वासावर, मग आमच्या वाडीत घुसतं." ती सगळ्यांशी अशीच एकेरीत बोलते, आमच्या साहेबांशीसुद्धा. अध्यक्षांनी ऐकू न आल्यासारखं केलं. ती पुन्हा म्हणाली. ग्रुपमधले दोघे-तिघे हसले. शेवटी अध्यक्षांना उतरावं लागलं, आणि वाढदिवसाचा फेटा बांधलेले ते गृहस्थ झुडपात वाकून प्लेट शोधत राहिले. हे मला गार्डने सांगितलं तेव्हा मीही पोट धरून हसले.

दोन दिवसांनी तक्रार आली. वहीत नाही, थेट वरच्या ऑफिसात, टाइप केलेली, अठरा सह्यांची. "सदर महिला अनधिकृतपणे बसून पर्यटकांशी उद्धटपणे वागते व परिसर अस्वच्छ करते. उद्यानात खाद्यपदार्थ आणण्यास व विकण्यास सक्त मनाई करावी." साहेबांनी पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बघा तुम्ही. शेरा तुमचाच." म्हणजे मी लिहू शकले असते, की बाई स्थानिक आहे, वाटेवरच्या माणसांना पाणी देते, परवानगी द्यावी. साहेबांनी कदाचित सहीही केली असती. पण अठरा सह्या, त्यात एकाच्या मुलाची कुठे तरी वर ओळख, आणि माझ्या बढतीची फाइल तेव्हा टेबलांवरून फिरत होती. मी लिहिलं, "कार्यवाही करण्यात येत आहे."

दुसऱ्या दिवशी दोन गार्ड घेऊन मी वर गेले. मावशीने माझ्यासाठी करवंदं निवडायला घेतली. मी सांगितलं, आता इथे बसता येणार नाही. तिने विचारलं, "कोन बोलला?"

"वरून पत्र आलंय, मावशी."

ती उठली. माठातलं पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं. टोपली डोक्यावर घेताना तिचा तोल जायला लागला म्हणून मी हात लावला, आणि ती पाड्याच्या दिशेने चालू लागली. मी तिच्या पाठीकडे बघत उभी राहिले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथल्या तिथे मी ठरवलं, ह्या अध्यक्षाची जिरवायची. आणि मावशीला ह्याच झाडाखाली परत आणून बसवायचं.

सुरुवात त्यांच्याच पत्राने केली. खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई करा म्हणाले होते ना? केली. पुढच्या रविवारी गेटवर मी स्वतः उभी राहिले. पिशव्या तपासल्या. ढोकळ्याचा डबा गेटवर, चकल्या गेटवर, थर्मास गेटवर. अध्यक्ष म्हणाले, "अहो मॅडम, हे आमच्या घरचं आहे, आम्ही काय विकतोय का?" मी त्यांच्या पत्राची झेरॉक्स पुढे केली. आणण्यास व विकण्यास. त्यांनी चष्मा लावून स्वतःचंच वाक्य वाचलं आणि रुमालाने मान पुसली. त्यांच्या डब्यात मधुमेहाच्या पथ्याचा उपमा होता, असं नंतर कळलं. मला दया आली नाही. जूनपर्यंत त्या ग्रुपमध्ये निम्मेच लोक उरले, कारण निम्मे मुळात ढोकळ्यासाठीच चढत होते.

पावसाळ्यात वरची वाट दरवर्षीप्रमाणे बंद होती. गणपती झाले, नवरात्र झालं, आणि ऑक्टोबरमध्ये मी वर गेले तर वाटच दिसेना. गवत माझ्या खांद्यापर्यंत. मधे मधे वेलांवर शेंगांचे घोस लटकलेले. आमच्या जुन्या गार्डने मला हात धरून मागे ओढलं. "मॅडम, खाजकुयली आहे ती. हात लावू नका." मी म्हटलं, आजवर तर कधी इतकी दिसली नाही. तेव्हा तो म्हणाला, "दिसणार कशी? दरवर्षी गणपती गेले की मावशीच्या घरची माणसं कोयते घेऊन यायची. तिच्या यायच्या-जायच्या वाटेवरचं गवत, वेल, सगळं साफ. आता तिला वर यायचंच नाही तर ते कशाला कापतील?"

इतकी वर्षं ज्या वाटेची मी अहवालात "सुस्थितीत" म्हणून नोंद करत होते, ती वाट मावशीचं घर सुस्थितीत ठेवत होतं. हे कळलं त्या दिवशी मी मजूर लावून ती साफ करून घ्यायला हवी होती. मी तसं केलं नाही. गवतातून माणूस जाईल एवढीच फट काढून घेतली, खाजकुयली तशीच ठेवली, आणि नियमाप्रमाणे खाली बोर्ड लावला, "वाटेवर अंगाला खाज सुटणाऱ्या वनस्पती आहेत. आपल्या जबाबदारीवर जावे." बोर्ड कोण वाचतं आणि कोण त्याला टेकून चहा पितं, हे मला माहीत होतं.

डिसेंबरात शेंगा वाळल्या. वाळल्या की त्यांच्यावरची खाज आणणारी तांबूस लव नुसत्या वाऱ्याने उडते. अशाच एका रविवारी अध्यक्ष अर्ध्या चड्डीत आले होते. तासाभराने ते खाली उतरले तेव्हा दोन्ही हातांनी एकाच वेळी चार ठिकाणी खाजवत होते. मान, पोटऱ्या, काख, परत मान. एक जण त्यांच्या पाठीवर काठीने खाजवत होता आणि अध्यक्ष ओरडत होते, "खाली, खाली, अरे डावीकडे!" मी खिडकीतून बघत होते. मी चहा मागवला. इतक्या वर्षांच्या नोकरीत तो माझा सगळ्यात चांगला चहा होता. शेवटी त्यांना शेण लावा असं गार्डनेच सुचवलं, आणि बाळकुमच्या टॉवरमधला तो माणूस गोठ्याच्या शोधात पोटऱ्या खाजवत निघून गेला.

त्यांची तक्रार आली. मी उत्तर पाठवलं, "सदर वनस्पती नैसर्गिक असून उद्यानातील जैवविविधतेचा भाग आहे. आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे." आणि त्याच तक्रारीच्या आधारावर सुरक्षेच्या कारणास्तव वरची वाट अनिश्चित काळासाठी बंद करून टाकली. त्यांच्या तक्रारीनेच त्यांचा ट्रेल गेला. गेटवर ते पत्र मी फ्रेम करून लावायचंच बाकी ठेवलं होतं.

जानेवारीत अध्यक्ष एकटेच ऑफिसात आले. टी-शर्ट नव्हता, साधा शर्ट होता. म्हणाले, "मॅडम, वाट उघडा. ग्रुप मोडला आमचा. डॉक्टरांनी चढ चालायला सांगितलाय, आणि खालच्या वाटेवर कुणी ओळखीचं नसतं." मी तक्रार वही त्यांच्यापुढे सरकवली आणि पेन दिलं. म्हटलं, "लिहा. मावशीविरुद्धची तक्रार गैरसमजातून केली होती, ती मागे घेतो, तिला बसू द्यावं ही विनंती." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीही दिली नव्हती, ते उभ्यानेच लिहीत होते. लिहून झाल्यावर ते म्हणाले, "हे आधी विचारलं असतं तर आधी लिहिलं असतं." मी म्हटलं, "तारीख घाला."

त्या पानावरून मी मावशीच्या परवानगीचा कागद साहेबांच्या सहीसकट तयार केला आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी पाड्यावर गेले. नऊ महिने मनात जो दिवस घोळवला होता तो हा. मावशी अंगणात आवळे पसरत होती. मी कागद वाचून दाखवला. सगळं सांगितलं, डबे, झेरॉक्स, खाजकुयली, शेण. शेणाचं मी जरा रंगवूनच सांगितलं. तिची सून दारात उभी राहून हसली. मावशी हसली नाही. ती आवळे सारखे करत राहिली.

"मना नको ती जागा," ती म्हणाली. "मी बाळकुमला बसतंय आता. त्या बाबाच्या बिल्डिंगीच्या गेटवर."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी विचारलं, कोणत्या बाबाच्या?

"प्लेटवाल्या. पावसात मी नाक्यावर भिजत बसलं होतं. तो आला, बोलला, इथं बस, छपराखाली. वॉचमनला सांगला, हिला उठवायचं नाय. रोज येतो तो. आवळं नेतो, सुनेला विचारतो, पोरगी शाळेत जाते का. चुकलो बोलला एकदा."

म्हणजे जुलै-ऑगस्टपासून. मी डिसेंबरात खिडकीत बसून चहा पीत होते तेव्हा तो माणूस रोज संध्याकाळी हिच्याशी बोलत होता. आणि काल माझ्या टेबलाजवळ उभ्याने लिहिताना त्याने हे एका शब्दाने सांगितलं नाही. मला त्याचा पुन्हा राग आला, पहिल्यापेक्षा जास्त.

"पण मावशी, त्यानेच तर तुला उठवलं," मी म्हटलं.

मावशीने पहिल्यांदाच मान वर केली. "तो कुठं? तो तर नुसता लिवून गेला. उठवलं तू." ती रागाने बोलली नाही, हवापाण्याचं बोलावं तसं बोलली. "आनि नऊ महिन्यात एकदा पन आली नाय. इथून खाली अर्धा तास लागतो, बाय. मना वाटलं, येईल आज, येईल उद्या. मग म्या वाट बघायचं सोडलं."

मला सांगायचं होतं की मी हे सगळं तुझ्यासाठीच करत होते. पण ते सांगायला तोंड उघडलं आणि मलाच खरं वाटेना. तिच्या सुनेने चहा विचारला. मावशी म्हणाली, "तिला उशीर होईल, जाऊ दे." मी तो सहीशिक्क्याचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि उठले. मला सोडायला अंगणाच्या टोकापर्यंतही कुणी आलं नाही.